कुपीवरचे नाव पुरेसे नाही

या पुस्तिकेचा विषय म्हणजे जेमतेम दोन थेंब द्रव. बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या कुपीत तो असतो. प्रमाण शंभर मायक्रोलिटर, उणे वीस अंशांवर जपलेला, आणि त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला काही दहा हजार रुपये मोजावे लागतात. कुपीवर चार गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी, कोणत्या प्राण्यात तयार केली, लॉट क्रमांक, आणि ‘केवळ संशोधनासाठी’. आपल्या कुपीवरचे प्रथिन आहे कॅस्पेज-३, आणि तेही कापले गेलेले, म्हणजे सक्रिय झालेले. पेशी स्वतःला संपवायला निघाली की जी विकरे तिच्या आतली प्रथिने कापत सुटतात, त्यांतले हे एक मुख्य. अँटिबॉडी पेशींवर टाकायची, धुवायची, रंग आणायचा आणि रंग दिसला तिथे पेशी मरते आहे असे लिहायचे, असा सगळा सोपा मामला वाटतो. प्रत्यक्ष कृती पुढील प्रकरणांत तपशिलाने दिली आहे, ती इथे उगाळत नाही. प्रस्तावनेत मला एकच मुद्दा लावून धरायचा आहे. रंग आला एवढ्याने काहीही सिद्ध होत नाही. जिथे हे प्रथिन मुळातच नाही अशा पेशीत रंग आला नाही, आणि जिथे ते नक्की आहे अशा पेशीत आला, हे त्याच दिवशी, त्याच कुपीने दाखवले तरच तिसऱ्या, म्हणजे आपल्या नमुन्यातल्या रंगाला अर्थ येतो. हे दोन कंट्रोल लावायची ऐपत नसेल, तर नमुना लावूच नये, इतक्या टोकाला जाऊन मी हे म्हणतो आहे. ते का, हे पुराव्यानिशी सांगतो.

आधी पेशीमृत्यूबद्दल थोडेसे. जखमेने, भाजल्याने किंवा विषाने पेशी फुगते, फुटते आणि आजूबाजूला दाह होतो, हे पॅथॉलॉजीला जुने ठाऊक होते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये दुसऱ्या तऱ्हेच्या मरणाचे वर्णन केले. त्यात पेशी आक्रसते, केंद्रक घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात, पेशीच्याही पुड्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. ना दाह, ना पू. या मरणाला त्यांनी ॲपॉप्टोसिस म्हटले. ते ठरवून घडते आणि त्यासाठी जनुके आहेत, हे एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक कृमीने दाखवले. त्याच्या वाढीत १,०९० कायिक पेशी जन्माला येतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. दर कृमीत त्याच, दर कृमीत ठरलेल्या वेळी. ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ चे नोबेल मिळाले ते याच कामाला. या मरणासाठी लागणारे कृमीचे एक जनुक माणसातल्या एका प्रथिने कापणाऱ्या विकराशी जुळते, हे १९९३ मध्ये लक्षात आले, आणि तिथून कॅस्पेज नावाचे कुटुंब उलगडले. उलट बाजूला बीसीएल-२ हे प्रथिन उभे होते. लिम्फोमाच्या पेशींत सापडलेले हे प्रथिन पेशींना वाढायला लावत नाही, मरू देत नाही, हे व्हॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांनी १९८८ मध्ये दाखवले. गाठ केवळ पेशी वाढल्यामुळे होते असे नाही, पेशी मरायच्या राहिल्या म्हणूनही होते, ही कल्पना तेव्हा नवीन होती.

आता अँटिबॉडी नेमके काय पाहते? माणसाचे कॅस्पेज-३ हे २७७ अमिनो आम्लांचे, सुमारे ३२ किलोडाल्टनचे प्रथिन. निरोगी पेशीत ते अखंड आणि निष्क्रिय पडून असते. मरणाचा निरोप आला की १७५ व्या अमिनो आम्लाशी ते कापले जाते आणि त्याचे १७ आणि १२ किलोडाल्टनच्या आसपासचे तुकडे होतात; हे तुकडे जोडीने एकत्र येऊन सक्रिय विकर बनते. कापल्यावर जे टोक उघडे पडते ते अखंड प्रथिनात नव्हतेच. तेवढे टोक कृत्रिमरीत्या बनवून सशाला टोचले, की त्याच टोकाला धरणारी अँटिबॉडी मिळवता येते. कल्पना सुंदर आहे. पण नीट पाहिले तर ती कुपी कॅस्पेज-३ ओळखत नाही, मृत्यू तर त्याहून ओळखत नाही. ती ओळखते पाच-सात अमिनो आम्लांचा एक आकार. तसाच आकार दुसऱ्या प्रथिनाच्या टोकाला असेल तर ती तिथेही बसणार, आणि आपल्याच प्रथिनाचा तो आकार फॉर्मॅलिनने झाकला गेला असेल तर तिथे बसणार नाही. कुपीवरच्या नावात आणि कुपीतल्या द्रवाच्या कामात एवढे अंतर आहे.

उल्हासनगरच्या शेजारी राहणाऱ्यांना हे अंतर समजावून सांगावे लागू नये. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद कल्याणपासून कर्जतपर्यंत सगळ्यांनी ऐकलेला आहे. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत राहून ज्यांनी शून्यातून एवढा बाजार उभा केला त्यांच्यावर तो जरा अन्यायच करतो; पण गिऱ्हाइकाला त्याने एक सवय लावली, की शिक्का वाचायचा आणि मग माल हातात घेऊन पाहायचा. प्रयोगशाळेत आपण नेमके उलट करतो. शिक्का परदेशी आहे एवढ्यावर माल खरा मानतो. यात कंपनी फसवते असेही क्वचितच असते. कंपनीने एका पद्धतीत, एका जातीच्या पेशींवर ती अँटिबॉडी तपासलेली असते. आपण ती दुसऱ्या पद्धतीत, दुसऱ्या प्राण्याच्या ऊतीवर वापरतो आणि पहिल्या तपासणीचे प्रमाणपत्र दुसरीकडे लावतो.

याचे आपल्याकडे फार दिसणारे उदाहरण घेऊ. बदलापूरची जांभळे प्रसिद्ध आहेत, तेव्हा जांभळाच्या बियांचाच अर्क घ्या. असा कुठला तरी अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ या पेशींवर टाकून ‘अर्कामुळे ॲपॉप्टोसिस घडतो’ हे दाखवायचे, ही एमएस्सीच्या प्रकल्पांची ठरलेली वाट आहे. या पेशी अमेरिकेतल्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये मिळवल्या गेल्या, १९७३ साली त्यांची नोंद प्रसिद्ध झाली, आणि आज त्या जगभर आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-भांडारातून त्या आपल्याकडे मिळतात. अर्क टाकला, पेशी मेल्या, कॅस्पेज-३ च्या अँटिबॉडीने ब्लॉट केला (म्हणजे पेशींतली प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून पडद्यावर घेतली आणि त्यावर अँटिबॉडी लावली), बँड दिसला, निबंध लिहिला. अडचण इतकीच, की एमसीएफ-७ पेशींत कॅस्पेज-३ नसतेच. त्यांच्या जनुकाच्या तिसऱ्या एक्झॉनमधले ४७ बेस गळालेले आहेत, त्यामुळे प्रथिन तयार होत नाही. १९९८ मध्ये यानिके आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले. त्यांनी पुढे जाऊन ते जनुक या पेशींत परत घातले, तेव्हा मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे जे तुकडे आधी होत नव्हते ते होऊ लागले. म्हणजे या पेशी कॅस्पेज-३ शिवाय मरू शकतात, मरतातही, फक्त दुसऱ्या विकरांच्या हातून. तरीही एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ सक्रिय झाल्याचे सांगणारे निबंध आजही छापले जातात. तिथे बँड दिसला असेल तर तो कशाचा होता? दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाचा, किंवा पेशींची बाटली भलतीच होती. दोन्ही शक्यतांत निष्कर्ष कोसळतो. त्याच ब्लॉटवर एक रकाना योग्य कंट्रोलचा असता तर संशोधकाला हे त्याच दुपारी कळले असते.

यावर कोणी म्हणेल, हे विद्यार्थ्यांचे प्रकल्प झाले, रुग्णालयात असे होत नाही. तिथे यंत्रे आहेत, अनुभवी पॅथॉलॉजिस्ट आहेत, मान्यताप्राप्त अँटिबॉडी आहेत. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. मानेतली गाठ सुजली म्हणून बदलापूरच्या कात्रप भागातल्या एखाद्या डॉक्टरकडे रुग्ण गेला, गाठ काढली आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीतून मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पोहोचली, तर तिथे जे प्रश्न विचारले जातात त्यांतला एक असतो: ही साधी संसर्गाने सुजलेली गाठ, की फॉलिक्युलर लिम्फोमा? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत पेशींचे गोल पुंजके दिसतात. साध्या गाठीत पुंजक्याच्या मधल्या पेशींत बीसीएल-२ नसते, कारण तिथे निरुपयोगी पेशींनी मरायचेच असते. लिम्फोमात १४ व्या आणि १८ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीएल-२ चा पूर येतो आणि मधले पुंजके तपकिरी रंगतात. बीसीएल-२ साठी वर्षानुवर्षे सर्वाधिक वापरात राहिलेली अँटिबॉडी म्हणजे क्लोन १२४. ती या प्रथिनाच्या ४१ ते ५४ या अमिनो आम्लांच्या पट्ट्याला धरते. काही लिम्फोमांमध्ये नेमक्या या पट्ट्यात उत्परिवर्तने होतात. प्रथिन भरपूर असते, आपले काम करून पेशींना जगवत असते, पण क्लोन १२४ ला ते दिसत नाही आणि काच कोरी राहते. त्याच गाठीच्या दुसऱ्या कापावर, प्रथिनाचा वेगळा भाग धरणारी दुसरी अँटिबॉडी लावली की पुंजके रंगतात. चूक कोणाचीच नसते. कुपी उत्तम असते, यंत्र उत्तम असते. फक्त ‘बीसीएल-२ नाही’ आणि ‘क्लोन १२४ बसली नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि अहवालात पहिले लिहिले जाते.

बीसीएल-२ च्या बाबतीत एक सोय मात्र निसर्गानेच केलेली आहे. त्याच कापात आजूबाजूच्या टी-पेशी असतात, आणि त्यांत बीसीएल-२ असतेच. त्या रंगल्या नाहीत तर अँटिबॉडी, फॉर्मॅलिन किंवा उकळण्याची वेळ यांपैकी काहीतरी बिघडले हे पॅथॉलॉजिस्टला लगेच कळते. (हे उकळणे म्हणजे अक्षरशः सायट्रेटच्या पाण्यात आणि अनेक ठिकाणी साध्या प्रेशर कुकरमध्ये, फॉर्मॅलिनने गुंतवलेली प्रथिने त्याने मोकळी होतात.) असा अंगभूत कंट्रोल असल्यामुळेच रुग्णालयातली अँटिबॉडी कॉलेजातल्या अँटिबॉडीपेक्षा विश्वासार्ह ठरते, यंत्राच्या किमतीचा त्यात वाटा कमी. आणि क्लोन १२४ ची गोष्ट त्याच्याही पलीकडचे शिकवते, कारण तिथे टी-पेशी व्यवस्थित रंगतात आणि तरी उत्तर चुकते.

आता कॅस्पेजकडे परत. कापलेल्या कॅस्पेज-३ ची माणसासाठी बनवलेली अँटिबॉडी फळमाशीतही रंग देते, आणि माशीवर काम करणाऱ्यांनी ती मरणाऱ्या पेशींची खूण म्हणून मनमुराद वापरली. माशीतली कॅस्पेज-३ सारखी दोन विकरे, ड्राइस आणि डीसीपी-१, तीच ही अँटिबॉडी दाखवते असे गृहीत होते. फॅन आणि बर्गमन यांनी २०१० मध्ये ही दोन्ही विकरे नसलेल्या माश्या घेऊन तीच अँटिबॉडी लावली. रंग आलाच! तो गेला तो त्यांच्या आधीच्या पायरीवरचे ड्राँक हे विकर नसताना. म्हणजे कित्येक वर्षे लोक जे मोजत होते ते खरे होते, उपयोगी होते, पण त्याचे नाव वेगळे होते. हे उदाहरण मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचे वाटते. कुपी टाकाऊ ठरली नाही. जनुक काढलेली माशी शेजारी ठेवल्यावर ती काय सांगते ते पहिल्यांदा कळले, आणि त्यानंतर ती आधीपेक्षा जास्त कामाची झाली.

ही दोन-चार सुटी उदाहरणे असती तर त्यांच्यावर एवढा डोलारा उभारला नसता. पण मोठ्या प्रमाणावर तपासण्या झाल्या आहेत. स्वीडनच्या मानवी प्रथिन-नकाशाच्या प्रकल्पाने २००८ मध्ये बाजारातल्या पाच हजारांहून जास्त अँटिबॉडी तपासल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास त्यांच्या पद्धतींत कामाच्या ठरल्या. २०१७ मध्ये इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहकाविरुद्धच्या १३ अँटिबॉडी पारखल्या गेल्या आणि फक्त एक टिकली. ती लावल्यावर कळले, की ज्या स्तनाच्या ऊतीत हा ग्राहक असल्याबद्दल ढिगाने निबंध होते तिथे तो सापडतच नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या एका गटाने ६५ प्रथिनांविरुद्धच्या ६१४ अँटिबॉडी, ते ते जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारी ठेवून तपासल्या. न चालणाऱ्या अँटिबॉडीवर आधारलेले निबंध दर प्रथिनामागे सरासरी डझनभर निघाले. मात्र निम्म्याहून जास्त प्रथिनांसाठी बाजारात निदान एक तरी चांगली अँटिबॉडी होती, आणि निकाल हाती आल्यावर कंपन्यांनी काही अँटिबॉडी विक्रीतून काढल्या, काहींच्या वापराच्या सूचना बदलल्या. चांगला माल बाजारात होता; तो निवडायला लागणारी माहिती नव्हती.

मग विकण्याआधी काम सिद्ध करण्याचे बंधन अँटिबॉडीवर घालता येते का, असा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर महाराष्ट्रात जुने आहे. परळला १८९९ पासून असलेल्या प्लेगच्या प्रयोगशाळेची पुढे हाफकिन संस्था झाली, आणि तिच्यातून निघालेल्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या पिंपरीच्या घोड्यांपासून सर्पदंशावरचे प्रतिविष मिळत आले आहे. घोड्याला विष थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या वेगळ्या करून कुपीत भरायच्या. मूळ तत्त्व आपल्या सशाच्या अँटिबॉडीचेच. पण सर्पदंशाच्या कुपीवर नुसते ‘सापाविरुद्ध’ लिहून चालत नाही. एका मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झालेच पाहिजे, असे भारतीय औषधसंहिता सांगते, आणि हे प्राण्यांवर तपासून लॉट बाहेर पडतो. बदलापूरच्या आसपासच्या वाडीवर भातकापणीत घोणस चावलेल्या माणसाला दवाखान्यात जी कुपी टोचली जाते तिने आपले काम आधी सिद्ध केलेले असते. संशोधनाच्या कुपीवरची ‘केवळ संशोधनासाठी’ ही ओळ नेमकी याच जबाबदारीतून सुटका करून घेते. कायद्याने ती सुटका दिली आहे, मग ती जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. तिसरा कोणी नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारा: या अँटिबॉडीचा उल्लेख हजारो निबंधांत आहे, ती पुन्हा तपासणे म्हणजे वेळेचा अपव्यय. उल्लेखांची संख्या लोकप्रियता मोजते. वर सांगितलेल्या इस्ट्रोजेन-ग्राहकाच्या नापास अँटिबॉडींपैकी काही अतिशय लोकप्रिय होत्या. शिवाय ससा मरतो. एका सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचा साठा संपला की दुसरा ससा, दुसरा लॉट, आणि नाव तेच. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये दाखवलेल्या संकरित पेशींच्या पद्धतीने हा प्रश्न बराच सुटला. एकाच पेशीचे वंशज एकच अँटिबॉडी देत राहतात असे मानले गेले. तेही सर्वस्वी खरे नाही. १८५ संकरित पेशीवंशांच्या तपासणीत सुमारे एकतृतीयांश वंश एकापेक्षा जास्त साखळ्या बनवताना आढळले. ज्यांचा अमिनो आम्लांचा क्रमच ठाऊक आहे आणि ज्या त्या क्रमावरून बनवल्या जातात, अशा पुनर्संयोजित अँटिबॉडी वरच्या ६१४ च्या तपासणीत सर्वांत सरस ठरल्या. निवड असेल तर त्याच घ्याव्यात, थोड्या महाग पडल्या तरी.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. कुपी परदेशातून बर्फात येते, महिने लागतात, आणि अनुदान मार्चअखेर परत जाते. अशा वेळी दोन थेंबांतला निम्मा भाग कंट्रोलवर खर्च करा म्हणणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे वाटेल. पण हिशेब करून पाहा. ब्लॉटसाठी ही अँटिबॉडी हजारपट पातळ करून वापरतात. एका पडद्याला दहा मिलिलिटर, म्हणजे कुपीतले दहा मायक्रोलिटर. पडदा एकच असतो आणि त्यावर दहा रकाने असतात. कंट्रोलचे दोन रकाने त्याच पडद्यावर, त्याच दहा मायक्रोलिटरमध्ये बसतात. जादा खर्च अँटिबॉडीचा होत नाही. होतो तो पेशींच्या दोन बाटल्या वाढवण्याचा. पैसे खरे वाया जातात ते दुसरीकडे. कुपी दर वेळी गोठवून-वितळवून तिची ताकद घालवली जाते. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती धाटणीच्या फ्रीजमध्ये ती ठेवली जाते. तिथले तापमान दिवसातून खालीवर होते, वीज न जाताही. आणि १७ किलोडाल्टनचा एवढासा तुकडा ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून पलीकडे निसटून जातो, मग ‘सिग्नल नाही’ म्हणून अँटिबॉडी दुप्पट ओतली जाते. ०.२ मायक्रॉनचा पडदा घेतला तर हा प्रश्नच येत नाही.

तिसरा आक्षेप जरा जाणकारांचा आहे: अँटिबॉडी एवढी बेभरवशाची असेल तर सोडून द्या, पेशीमृत्यू मोजायचे इतर मार्ग आहेत. आहेत खरे. पण तुटलेल्या डीएनएची टोके रंगवणारी ट्युनेल ही पद्धत फुटून मेलेल्या पेशीतही रंग देते. रंगीत कृत्रिम तुकडा कापला जातो का ते पाहणारी विकर-चाचणी कॅस्पेज-७ नेही पूर्ण होते, कारण त्यालाही तोच क्रम कापता येतो. ॲनेक्सिन पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरचा बदल दाखवते, पण पडदा फाटलेला असेल तर आत शिरून तिथेही बसते. आणि ऊतीच्या कापात कोणती पेशी मरते आहे, गाठीतली की शेजारची, हे अँटिबॉडीइतके स्वच्छ कोणीच सांगत नाही. उपाय एक पद्धत टाकून दुसरी घेण्यात नाही. दोन वेगळ्या तत्त्वांच्या पद्धती एकाच नमुन्यावर लावण्यात आहे. उदाहरणार्थ पार्प हे ११६ किलोडाल्टनचे प्रथिन कॅस्पेज ८९ आणि २४ च्या तुकड्यांत कापते. १७ चा बँड आणि ८९ चा बँड एकाच रकान्यात मिळाले तर विधान बरेच पक्के होते.

इथे एक गोष्ट मीच माझ्या विरोधात मांडली पाहिजे. समजा सगळे कंट्रोल चोख लागले, अँटिबॉडी नेमकी कापलेल्या कॅस्पेज-३ वरच बसली. तरी पेशी मरतेच आहे का? नाही. डोळ्याच्या भिंगाच्या पेशी, लाल रक्तपेशी, स्नायूंच्या पेशी घडताना मर्यादित प्रमाणात कॅस्पेज वापरतात आणि मरत नाहीत. मेंदूतल्या जोडण्यांच्या छाटणीतही त्याचा हात आहे. अगदी मरणाच्या वाटेला लागलेल्या पेशी, कारण वेळेत दूर केले तर, माघारी फिरलेल्याही पाहण्यात आल्या आहेत. तेव्हा कंट्रोल लावल्याने जीवशास्त्र सुटत नाही. फक्त प्रश्न खरा उरतो. कंट्रोल नसेल तर आपण या चर्चेपर्यंत पोहोचतच नाही, कारण दिसलेला रंग कशाचा हेच ठाऊक नसते. शंका अति झाली तर काम ठप्प होईल, ही भीतीही म्हणून मला पटत नाही. जनुक काढलेली पेशी दर प्रथिनासाठी कॉलेजने बनवावी असे कोणी म्हणत नाही. कॅस्पेज-३ साठी ती निसर्गाने बनवून ठेवली आहे, आणि तिचे नाव एमसीएफ-७. जी पेशी कॅस्पेज-३ च्या प्रयोगासाठी सर्वांत चुकीची, तीच त्याच्या कंट्रोलसाठी सर्वांत योग्य.

कात्रपला राहून लोकलने उल्हासनगर, कल्याण, परळ किंवा ठाण्याला गाडी बदलून खारघरच्या कर्करोग केंद्रापर्यंत जाणारे जीवशास्त्राचे विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून ही पुस्तिका मराठीत केली आहे. खारघरच्या त्या केंद्राचे मूळ म्हणजे परळला १९५२ मध्ये वसंत खानोलकरांच्या हाताखाली सुरू झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र. तिथेच कमल रणदिवे यांनी देशातली पेशी-संवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. बाटलीत पेशी वाढवणे हे तेव्हा नवलाचे होते. आज अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या महाविद्यालयांतल्या मुलांनाही त्या वाढवलेल्या पाहायला मिळतात, आणि कंट्रोलला लागणारी सामग्री देशातच, शे-दीडशे किलोमीटरवर पुण्यात आहे. तेव्हा ‘आपल्याकडे सोय नाही’ हे कारण या एका प्रथिनापुरते तरी चालणार नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की पुढील प्रकरणांतली कृती करताना क्रम बदलू नका. पहिल्या आठवड्यात नमुन्याला हात लावू नका. ज्यांत कॅस्पेज-३ शाबूत आहे अशा जर्कॅट पेशींना स्टॉरोस्पोरिन हे ॲपॉप्टोसिस घडवणारे औषध देऊन धन कंट्रोल तयार करा, एमसीएफ-७ पेशींना तेच औषध देऊन ऋण कंट्रोल तयार करा, दोन्हींचा अर्क छोट्या छोट्या नळ्यांत भरून उणे ऐंशी अंशांवर ठेवा, वर्षभर पुरेल. कुपी आली की लॉट क्रमांक वहीत टिपा, द्रव पाच-पाच मायक्रोलिटरच्या हिश्श्यांत वाटून टाका, आणि पहिला ब्लॉट फक्त या दोन अर्कांचा करा. जर्कॅटमध्ये १७ जवळ बँड आणि एमसीएफ-७ मध्ये त्या जागी काहीच नाही, असे दिसले तरच पुढे जा. निबंधात किंवा प्रकल्पाच्या अहवालात तो पडदा कापून न देता पूर्ण छापा, क्लोनचे नाव आणि लॉट क्रमांक लिहा. एमसीएफ-७ च्या रकान्यात बँड आला तर कंपनीला त्या चित्रासह कळवा आणि कुपी बदलून मागा.

कात्रप, बदलापूर पूर्व